बारा पॉइंट सात

४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर तुम्ही रोज सकाळी गुलाबाच्या चित्राखेरीज काही पाठवत नाही, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. गुलाब सगळे पोचले. त्यांचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणतात, हिवाळाभर लांबचा प्रवास नाही. म्हणजे यंदा माझा कॅम्पर तुमच्या परसातच उभा राहणार. आमच्या गल्लीत सायकल लावायची मारामार, तिथे चाकांवरची खोली कुठे ठेवू? तुम्ही जागा दिलीत, आभारी आहे. पण जागा देणं वेगळं आणि बॅटरी सांभाळणं वेगळं. राग मानू नका, तुमच्या दारावरची घंटा मुलांच्या लग्नापासून बंद आहे हे मी स्वतः पाहिलंय.

तर नीट वाचा. कॅम्परमध्ये शिरल्यावर डाव्या हाताच्या बाकाखाली बॅटरी आहे. ती नुसती पडून राहिली तर हळूहळू उतरते, आणि अर्ध्याखाली उतरून तशीच राहिली तर आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो. मग कितीही चार्ज करा, ती कामातून गेली. म्हणून वापर नसताना वायरीचा काळा चिमटा काढून ठेवायचा. काढताना काळा आधी, लावताना काळा शेवटी. महिन्यातून एकदा चार्जर लावायचा, तोही दार-खिडक्या उघडून, कारण चार्ज होताना आतून गॅस निघतो आणि त्याला ठिणगी आवडते. मल्टिमीटर वरच्या कप्प्यात आहे. पूर्ण भरलेली बॅटरी किती व्होल्ट दाखवते ते पुस्तिकेत छापलंय. रीडिंग मला कळवा.

बाकी ठीक. गुडघ्यामुळे मी गेल्या वर्षीच माझी गाडी आमच्या लेकीला, ठकीला दिली ते तुम्हाला माहीत आहेच, ओढायच्या हुकासकट दिली. दर रविवारी तिचा फोन येतो, मजेत आहे म्हणते. जावईबापूंशीही बुधवारी बोलणं होतं. तुमचा मुलगा म्हणून सांगत नाही, माणूस चौकस आहे. गाडीचं किलोमीटरचं मीटर रोज बघतो म्हणे. असा माणूस आमच्या वीज खात्यात असता तर निम्म्या चोऱ्या झाल्याच नसत्या.

तुमचा व्याही,
मीटरवाला


१३ नोव्हेंबर

व्याहीसाहेब,

तुमचं हुकूमनामावजा पत्र मिळालं. घंटा बंद आहे ती बंदच राहणार. वाजली तरी मला काय? छापखान्याच्या यंत्रांनी कान नेले, तेव्हापासून येणारा माणूस खिडकीवर थापा मारतो आणि काच हलताना दिसली की मी दार उघडतो. बिनवायरची सोय आहे, कधी बिघडत नाही.

तुमची बॅटरीबाई खुशाल आहे. रविवारी सकाळी चार्जर लावला, दार-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, शेजारीण विचारायला आली की आत काही जळलं का. संध्याकाळी चार्जर काढला आणि लगेच मोजलं. बारा पॉइंट सात. पुस्तिकेत छापलंय अगदी तेवढंच. छापलेल्या मजकुरावर माझा विश्वास आहे, सगळा जन्म त्यातच गेला.

एक शंका विचारतो, निव्वळ माहितीसाठी. समजा कुणी संध्याकाळी दोन दिवे लावले, तो छोटा फ्रीज चालू ठेवला, मोबाईल चार्ज केला, तर ही बॅटरी किती पुरेल? छापखान्यातल्या एका जुन्या मित्राशी पैज लागली आहे.

चिरंजीवांचं इकडे येणं होत नाही, कामात असतात. सूनबाई ठीक आहे. गुडघ्याला जपा. विहीणबाईंना नमस्कार सांगा, त्यांच्या हातचा चहा आठवतो.

आपला व्याही,
छापखानेवाला


१६ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

पैजेचं उत्तर आधी देतो. फ्रीज चालू असेल तर दीड-दोन दिवस. फ्रीज बंद ठेवून एक-दोन दिवेच लावले तर आठवडा जाईल. पैज कोण जिंकलं तेही कळवा. त्या मित्राचा धंदा काय, तो कुठे राहतो आणि त्याला माझ्या कॅम्परच्या फ्रीजमध्ये एवढा रस का, तेही लिहा.

आता तुमचं रीडिंग. चार्जर काढून लगेच मोजलं असं तुम्ही लिहिता. व्याहीबुवा, नुकताच चार्जर काढलेली बॅटरी बारा पॉइंट सात दाखवतच नाही. ती फुगून तेराच्या वर दाखवते. काही तास तिला तशीच ठेवली की खरा आकडा दिसतो. हे मी पहिल्या पत्रात मुद्दामच लिहिलं नव्हतं. अख्खी नोकरी मी लोकांची मीटरं तपासली. ज्याच्या घरी आकडा पुस्तकातल्यासारखा यायचा, त्याच्या घरी मी पुन्हा जायचो.

म्हणजे तुम्ही मोजलंच नाही. आळसाने मोजलं नाही असं असेल तर माफ आहे. पण तसं नसेल, तर मला शंकेची पाल चुकचुकते आहे हे स्पष्ट सांगून ठेवतो. यापुढे चार्जर काढल्यावर रात्रभर थांबा, सकाळी मोजा, आणि एकच नाही, आठवड्याच्या अंतराने निरनिराळी रीडिंगं पाठवा.

आमची ही सध्या वारंवार बहिणीकडे जाते. बहिणीचा पाय मुरगळला आहे म्हणते. मुरगळलेला पाय किती दिवस मुरगळलेला राहतो, तुम्हाला काही कल्पना?

मीटरवाला


२ डिसेंबर

व्याहीसाहेब,

पकडलंत! कबूल. पहिलं रीडिंग मी पुस्तिका बघून लिहिलं. चष्मा सापडेना, मल्टिमीटरची लाल वायर कुठे लावायची कळेना, आणि तुम्हाला उत्तर लवकर हवं होतं. तुमच्यासारखा व्याही मिळाला म्हणून, नाहीतर इतक्या वर्षांत माझी चूक कुणी काढलेली नाही.

या वेळची मात्र खरी आहेत, चार्जर काढून रात्र मध्ये घालवून घेतलेली. पहिल्या आठवड्यात बारा पॉइंट सात. दुसऱ्या आठवड्यात बारा पॉइंट सात. काल बारा पॉइंट सात. तुमची बॅटरी शिस्तीची आहे, मालकावर गेली.

टर्मिनलवर थोडी पांढरी पूड जमली होती ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढली, वर व्हॅसलीन लावलं. काळा चिमटा काढला की तो टर्मिनलला परत टेकू नये म्हणून त्याला जुना मोजा घालून ठेवतो. पाणी मात्र दोन सेलमध्ये खाली गेलंय, प्लेटांचे माथे उघडे दिसतात. बॅटरीचं पाणी इथल्या दुकानात संपलंय, तर फिल्टरचं चालेल का?

तो मित्र पैज हरला आणि रुसून बसला. त्याचा विषय सोडा. विहीणबाईंच्या बहिणीला लवकर आराम पडो.

छापखानेवाला


९ डिसेंबर

व्याहीबुवा,

फिल्टरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. बॅटरीचं पाणी मिळेपर्यंत चार्जिंग बंद ठेवा.

आता कामाचं बोलू. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, इथे ते उडून चाललंय. महिन्यातून एकदा चार्ज होणाऱ्या बॅटरीचं पाणी महिन्याभरात असं खाली जात नाही. ते रोज चार्ज केल्यावर जातं. आणि रोज चार्ज तीच करावी लागते जी रोज वापरली जाते. तुमची तीन रीडिंगं मी खरी मानतो, आणि खरी मानली की गोष्ट आणखी वाईट दिसते. नुसत्या पडलेल्या बॅटरीचा आकडा थोडा तरी उतरेल. तुमच्याकडे तो तसूभरही हलत नाही, कारण कुणीतरी रोज खर्च करतंय आणि रोज भरतंय.

माझ्या कॅम्परमध्ये माणूस राहतोय. तुम्ही भाडेकरू ठेवला आहे. तसं असेल तर सरळ सांगा. मला विचारून ठेवला असता तर मी नाही म्हटलं नसतं, म्हणजे म्हटलं असतं, पण निदान मला माहीत असतं.

आणि तो मोजा. चिमट्याला मोजा घालायची युक्ती माझी आहे. कुठल्या पुस्तकात नाही, दुकानदार सांगत नाहीत, फक्त माझ्या घरात चालते. तुम्हाला कुणी सांगितली? रविवारी ठकीला विचारलं, तू सासऱ्यांकडे गेली होतीस का. नाही म्हणाली. मग मोज्याचं त्यांना कुणी सांगितलं? मला काय माहीत, म्हणाली आणि दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. तीही तुम्हाला पाठीशी घालते आहे. शिवाय माझ्या हेही लक्षात आलंय की तिचा फोन येतो तेव्हा जावईबापू बाहेर असतात, आणि जावईबापूंशी बोलताना ती नेहमी आंघोळीला गेलेली असते. इतकी आंघोळ कुणी करतं का?

शेवटी काल मी जावईबापूंना सगळं सांगितलं. बॅटरी, पाणी, मोजा, तुमचा पैजवाला मित्र, काही शिल्लक ठेवलं नाही. म्हटलं, तुमचे वडील आहेत, तुम्हीच जाऊन बघा परसात काय चाललंय. मोज्याचं त्यांनी मला परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग विचारलं, पाणी साधारण कधीपासून कमी होतंय? बरं वाटलं. निदान एक माणूस तरी मुद्द्याचं विचारतो.

मीटरवाला


१२ डिसेंबर

व्याहीसाहेब,

हे पत्र एकट्याने वाचा. वाचून झाल्यावर माझ्या मुलाला फोन करू नका. त्याचा आला तर कॅम्परविषयी अक्षर काढू नका.

भाडेकरू नाही. कॅम्परमध्ये तुमची लेक राहते. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या आठवडाभर आधी एका सकाळी काच हलली. दार उघडलं तर सूनबाई, हातात एक पिशवी, पायात घरातल्या सपाता. तुमची गाडी बाहेर उभी होती. म्हणाली, काही दिवस राहू का? मी राहा म्हटलं. घरात खोली देत होतो, ती नको म्हणाली, तो आला तर आधी घरात शोधेल. गाडी मी लाकडांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली घातली. रीडिंगं तीच घ्यायची. पुस्तिकेतलं खोटं तेवढं माझं, बाकी सगळी तिची आणि खरी. मोजाही तिचाच, निळा.

कारण सांगतो. माझा मुलगा आहे, मीच वाढवलाय, त्यामुळे लिहिताना हात जड होतो. हात उचललेला नाही त्याने, आणि हे तो स्वतःच अभिमानाने सांगेल. तो फक्त बघतो. संध्याकाळी आला की आधी गाडीचं मीटर बघतो. मग तिचा मोबाईल. मग विचारतो, दुकानातून यायला इतका वेळ का लागला, वाटेत कोण भेटलं, त्याच्याशी काय बोललीस, आता हे सगळं परत एकदा पहिल्यापासून सांग. तिला नोकरी सोडायला लावली, कारण तिथले तास त्याला तपासता येत नव्हते. आधी मला वाटलं संसारातली कुरबुर आहे. मग एकदा दोघं इथे जेवायला आले होते तेव्हा तिने पाणी प्यायला उठण्याआधी त्याच्याकडे बघितलेलं मी पाहिलं. कान गेले असले तरी डोळे आहेत मला.

ती तुमच्याकडे का आली नाही हे मी तिला विचारलेलं नाही. विहीणबाईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्या बहिणीचा पाय धडधाकट आहे.

काल संध्याकाळी समोरच्या रस्त्यावर चिरंजीवांची गाडी उभी होती. उतरले नाहीत. दिवे बंद करून बसले होते आणि मग निघून गेले. परस रस्त्यावरून दिसत नाही म्हणून निभावलं. व्याहीसाहेब, हे तुमच्या फोनमुळे झालं. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून दोष देत नाही. आता माहीत झालंय.

छापखानेवाला


१४ डिसेंबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग हिला समोर बसवून वाचून दाखवलं. तिने मान खाली घातली नाही. माझ्या घरात माणसं दोन, आणि त्यातलं अंधारात ठेवलेलं एक मी! का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणते, तुम्ही चौकशी लावली असतीत. अर्थात लावली असती. चौकशी केल्याशिवाय खरं काय ते कळणार कसं?

मला हे पटत नाही. तुम्ही एक सांगता, जावईबापू दुसरं सांगतील. त्यांची बाजू कुणी ऐकली आहे? गाडीचं मीटर बघणं हा कधीपासून गुन्हा झाला? बायको कुठे गेली, घरी का आली नाही, हे नवऱ्याने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? आणि ठकी दर रविवारी माझ्याशी खोटं बोलत होती, दूध उतू जात नव्हतं, हे आता सिद्ध झालंय. जी बापाशी इतकं सफाईने खोटं बोलते ती तुमच्याशी खरंच बोलली असेल कशावरून? मला हे विचारावंच लागेल. मी बाप आहे म्हणून डोळे मिटून घेणार नाही.

शनिवारी मी येतो. गुडघा गेला खड्ड्यात. जावईबापूंना बरोबर घेऊनच येतो, म्हणजे जे काय असेल ते समोरासमोर होईल. तिने तिचं सांगावं, त्यांनी त्यांचं सांगावं, कुणाचं जुळतं ते मी बघेन. अजून त्यांना काही कळवलेलं नाही, तेवढं तुमचं ऐकलं. पण शनिवारपर्यंत ठकीला कुठे जाऊ देऊ नका.

मीटरवाला


१७ डिसेंबर

व्याहीसाहेब,

शनिवारी येऊ नका. कॅम्पर इथे नाही.

तुमचं पत्र मी तिला दिलं. लपवणार नव्हतोच. तिने ते पायरीवर बसून वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं. मग बॅटरीचं पाणी बघितलं (तालुक्याच्या दुकानातून आणलं होतं मी), चार्जर काढला, गुंडाळला, बाकाखाली ठेवला. सकाळी ताडपत्री ओढली आणि गाडी मागे घेतली. हूक तिने एकटीने लावला. मी फक्त हात हलवून डावीकडे, उजवीकडे करत होतो, आणि तेही चुकीचं करत होतो असं तिने हसून सांगितलं. जाताना मला मिठी मारली. तुम्हाला द्यायला पत्र देऊन गेली, सोबत जोडतो आहे. फोडलेलं नाही.

आज दुपारी चिरंजीव आले. या खेपेस सरळ परसात. जिथे कॅम्पर उभा होता तिथलं गवत पिवळं पडलंय, त्याकडे बघत उभे राहिले. वाकून चाकांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, कधी गेली? मी कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही. त्यांनी तोंड अगदी जवळ आणून परत विचारलं. मी पुन्हा कानाकडे बोट दाखवलं. दोन्ही वेळा मला नीट समजलं होतं. ओठ वाचता येतात मला, त्याच्या लहानपणापासून त्याचे वाचत आलोय.

आता तो तुमच्याकडे येईल. तुमच्यावर त्याचा फार भरवसा आहे, तुम्ही दोघं एकाच भाषेत बोलता. तुम्ही त्याला काय सांगाल हे मला कळत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

छापखानेवाला


१६ डिसेंबर

बाबा,

कॅम्पर मी घेऊन जाते आहे. तुमचा आहे, म्हणून सांगून नेते आहे.

गाडीच्या मीटरचं मी तुम्हाला सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही म्हणालात, छान, गाडीची निगा ठेवतो. मी गप्प बसले, कारण पुढे बोलले असते तर तुम्ही विचारलं असतंत की किलोमीटर खरंच जास्त झाले होते का. खरंच झाले होते. एक दिवस मी नदीच्या रस्त्याने लांबून आले. काही काम नव्हतं, नुसतं पाणी बघायला गेले होते. त्या संध्याकाळी त्याने मला सगळा रस्ता तोंडी म्हणून दाखवायला लावला, वळणासकट, आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पुढे किती तरी महिने मी एकटी घराबाहेर पडले नाही. किल्ली मिळाली त्या सकाळीच मी सासऱ्यांकडे आले.

रविवारी तुम्ही मला विचारता, कशी आहेस. मी सांगते. मग तुम्ही तेच फिरवून फिरवून विचारता, उत्तर जुळतं का बघायला. तुमच्या मनात वाईट नसतं, सवय आहे, मला कळतं. पण घरात एक माणूस दिवसभर तेच करत असताना माहेरीही तेच मिळणार असेल तर मी कुठे जायचं? सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, दोन पांघरुणं पुरतील का. त्यांचं मन मोडू नका.

मला लांबच्या एका गावी काम मिळालंय. खोली पुढच्या आठवड्यात ताब्यात येईल, तोवर कॅम्परमध्येच राहीन. वकीलबाई आहेत, कागद त्या बघतील. गावाचं नाव आईलाही सांगितलेलं नाही. तिच्याकडे माझ्या मैत्रिणीचा पत्ता आहे, त्यावर पत्र टाकलं तर मला मिळेल.

तो तुमच्याकडे येईल, विचारेल. त्याने मला आत्ता, उघड्यावर गाठलं तर मी परत जाईन, बाबा. ओरडून नाही, तो ओरडत नाही. तो रस्त्यात उभा राहून विचारत राहील आणि मी दमून गाडीत बसेन. माझं मला माहीत आहे. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, तेव्हा खोटं बोला असं सांगत नाही. फक्त गप्प राहा. तुम्हाला ते जमलं तर.

ठकी


२० डिसेंबर

चि. ठकीस,

हे पत्र आई तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकेल. तिला म्हटलं, पत्ता मला दाखवू नकोस. दाखवलास तर माझ्या तो लक्षात राहील, आणि विचारणाऱ्याला ते माझ्या तोंडावर दिसेल.

काल तो आला. चपला दाराशी सरळ रेषेत काढल्या, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आईने केलेला चहा घेतला. मग बोलायला लागला. एकदाही आवाज चढवला नाही. तू कुठल्या वारी कुठे गेली होतीस आणि गाडी किती चालली, हे त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, गेल्या वर्षापासूनचं. कुठे कागदाकडे बघणं नाही, अडखळणं नाही. मध्येच थांबून विचारायचा, बाबा, तुम्हाला यात काही जुळत नाही असं दिसतं का? आई आतल्या दाराशी उभी होती.

ठके, मी लोकांच्या भिंतीवरचा आकडा वाचायचो आणि पुढच्या घरी जायचो. हा आकडा वाचतो आणि तिथेच बसून राहतो. मला त्याच्या समोर बसून श्वास घेता येईना. तुला तिथे कसं वाटलं असेल ते मी तुला विचारत नाही.

मग त्याने नकाशा काढला आणि टीपॉयवर पसरला. म्हणाला, विजेची सोय नसेल तिथे ती किती दिवस काढू शकेल ते फक्त तुम्ही सांगू शकता. तुमचं रीडिंग चुकत नाही. सांगा, ती बॅटरी किती पुरेल?

तू गप्प राहा म्हणाली होतीस. पण मी गप्प राहिलो असतो तर त्याने त्या गप्प राहण्याचाही अर्थ काढला असता. म्हणून बोललो. म्हटलं, बॅटरी खलास झालेली आहे. पाणी इतकं उडतंय म्हणजे आतले सेल गेलेत, वरचा आकडा बारा पॉइंट सात दाखवतो पण तो पोकळ आहे, एक दिवा लावला तरी एका रात्रीत बसते. तिला रोज संध्याकाळी प्लग लागणार. विजेची सोय असलेला कॅम्परचा तळ या भागात एकच, समुद्रावर. गेली असेल तर तिथेच गेली असेल. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, माझं रीडिंग आहे.

त्याने मानलं. लगेच मानलं, एकही उलट प्रश्न नाही. नकाशा घडी करून उठला, मला नमस्कार केला आणि गाडी काढली. तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.

समुद्र मी का सांगितला ते तुला कळलंच असेल. समुद्राकडे जाणाऱ्या घाटरस्त्याला तुला लहानपणापासून गाडी लागते, तू कधीही तिकडे जाणार नाहीस. हे त्याला माहीत नाही. किलोमीटर सोडून त्याने तुझं काही बघितलेलंच नाही.

तुझी बॅटरी उत्तम आहे, तू ती चांगली ठेवली आहेस. फ्रीज बंद ठेव, एकच दिवा लाव, म्हणजे खोली मिळेपर्यंत आरामात पुरेल. गाडी चालू असताना हुकाजवळच्या वायरमधून ती थोडी भरतही राहते, तो प्लग घट्ट बसलाय ना तेवढं बघ. मी व्याहीबुवांना पत्र टाकलंय, त्यांच्यावर घेतलेल्या सगळ्या शंका मागे घेतल्या. आई म्हणते तू ठीक आहेस. मी बरं म्हटलं.

तो समुद्राकडे गेला आहे. तू सावकाश जा.

बाबा